चाक निवेपर्यंत

काल गॅरेजवाल्याने ट्रेलरच्या चाकात नवं ग्रीस भरलं आणि त्या वासासरशी मी थेट खडकवासल्याच्या काठावर जाऊन पोचले. वीस वर्षांपूर्वी आमची छोटी शिडाची होडी ट्रेलरवर घालून, गाडीला जोडून आम्ही नवरा-बायको दर रविवारी तिथे जायचो. होडी सोडायला ट्रेलर पाण्यात उतरवावा लागे. गरम चाक पाण्यात गेलं की पाणी आत ओढून घेतं आणि बेअरिंग गंजतं, म्हणून चाक निवेपर्यंत होडी उतरवायची नाही, हा यांचा नियम.

अशाच एका रविवारी चाक केव्हाच गार झालं होतं. वारा छान सुटला होता आणि शीड अजून पिशवीतच होतं.

“अहो, निवलंय की! आता काय त्याला ओवाळायचं?” मी म्हणाले.

“थांब जरा. आतून अजून गरम आहे.”

हे चाकाशी खाली बसले होते. एक हात चाकावर, दुसरा शर्टाच्या खिशावर. खिशातला चष्मा पडू नये म्हणून धरला असेल, असं मला वाटलं. मी वैतागून पाण्याकडे तोंड करून उभी राहिले.

महिन्याभरात हे हृदयविकाराने गेले. तो खिशावरचा हात मला अजून दिसतो. चष्मा तर यांच्या डोळ्यांवर होता.