घारीच्या माडावरचा नारळ

पाखरं बघायची सवय मला लग्नानंतर उमेळ्याच्या वाडीत लागली, तीही मुलांच्या दुर्बिणीमुळे. फाल्गुनात सकाळची कामं उरकली की मी विहिरीच्या कठड्यावर बसायची. त्या वर्षी विहिरीजवळच्या माडावर घारीचं घरटं होतं. पिल्लं दोन. घार उंदीर आणून फाडायची, आणि थोरलं पिल्लू धाकट्याला टोचून रक्तबंबाळ करायचं. आई शेजारी बसून बघायची. मला त्याचं नवल नव्हतं. मीही दोन मुलगे वाढवत होते.

अडचण अशी की तो माड होळीचा. आमच्या घरचा होळीचा नारळ त्याच माडाचा लागे आणि तो जमिनीला टेकता कामा नये. कुणीतरी चढून हातात धरून उतरवायचा. नारळ पाडणारा गडी घार बघून परत गेला. यंदा दुसऱ्या माडाचा घेऊ, असं मी सुचवलं. सासूबाईंना पटलं नाही. शेवटी बँकेत नोकरी करणारा धाकटा दीर स्कूटरचं हेल्मेट घालून, कमरेला कोयता खोचून निघाला.

"भावोजी, पिल्लं आहेत वर. घार डोळे काढील."

"वहिनी, तुम्ही दुर्बिणीतून बघा. मी जवळून बघतो."

तो शेंड्याशी पोचेपर्यंत घार दिसली नाही. मग पाठीमागून आली. हेल्मेटचा पट्टा त्यानं लावलाच नव्हता. पहिल्या झडपेत ते खाली पडलं. दुसऱ्या झडपेत कान फाटला. एका हातानं माड धरून तो कोयता फिरवत सुटला. घाव घारीच्या पायाला लागला, घरट्यालाही लागला. काटक्या, चिंध्या आणि पिल्लं खाली आपटली. थोरलं जागीच मेलं. मी काठी घेऊन पोचायच्या आत धाकट्याला कावळ्यांनी फाडलं. वर दिरानं नारळ तोडला, कोयता खाली टाकला आणि नारळ छातीशी धरून तो घसरत उतरला.

शर्ट लाल, नारळही लाल.

सासूबाईंनी हात पुढे केला नाही. "रक्त लागलं त्याला. हा नाही चालायचा."

दीर गवतात कोयता शोधू लागला. पुन्हा चढणार होता. कोयता मला आधी सापडला. मी तो विहिरीत टाकला आणि भावोजींना दवाखान्यात नेलं. कानाला टाके पडले. येताना नाक्यावरून नारळ घेतला आणि संध्याकाळी तोच होळीत गेला.

घार पुढे कितीतरी दिवस वाडीत शिरेल त्याच्यावर तुटून पडे. सासूबाई डोक्यावर पाटी धरून विहिरीवर जायच्या.