सासऱ्यांच्या बीपीची गोळी

वडसा स्टेशनवर गाडी हलली तरी फलाटावरून आईनं खिडकीची सळई सोडली नव्हती. माझ्या मांडीवर माझी तीन महिन्यांची लेक, रूपा होती. श्वास घेताना तिच्या गळ्यातून शिटीसारखा आवाज यायचा, हनुवटीवर लाल चट्टा होता. आई म्हणाली, "त्या डॉक्टरायवर भरोसा ठेवू नोको. गरिबाच्या लेकरावर दवाया लावून पाहातेत."

नागपूरला डॉक्टर मॅडमनी दुर्बिणीनं घसा पाहिला. तसाच लाल चट्टा आत श्वासनलिकेत वाढून वाट अडवत होता. रूपाला भरती करून त्यावर रोजचं पातळ औषध ठरलं. नाव ऐकून मी चपापले. माझे सासरे बीपीसाठी याच औषधाची गोळी घेत. म्हाताऱ्याचं औषध तान्ह्या लेकराला! वर सिस्टर डोसनंतर नाडी मोजायच्या, दूध पाजल्याशिवाय देऊ नका म्हणायच्या. औषध चांगलं असेल तर एवढा पहारा कशाला? दोन दिवसांत आवाज कमी झाला, तो मला आपोआप झालेला वाटला.

सुट्टी झाल्यावर तपासण्यांसाठी आम्ही तिथंच खोली केली. नवरा टाइल्सच्या दुकानात लागला. औषध आता माझ्या हातात होतं. मी निम्मं पाजायची, निम्मं मोरीत. नवऱ्याला सांगितलं नाही. फोनवर आईला सांगितलं, ती म्हणाली बरं केलंस; मागून वैनीनंही तेच म्हटलं.

पंधरा दिवसांत आवाज परतला, श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. औषध लागू पडत नाही, गळ्याला छिद्र करून नळी बसवावी लागेल, असं म्हणून मॅडमनी सहीचा कागद पुढे केला. नवऱ्यानं पेन उचलला आणि मी त्याचं मनगट धरलं.

"मॅडम, दवाई बराबर हाये. मीच अर्धी फेकून राह्यली होती."

नवऱ्यानं पेन खाली ठेवला. मॅडम रागावल्या नाहीत, याचाही मला संशय आला. त्यांनी रूपाला पुन्हा भरती केलं आणि प्रत्येक डोस सिस्टरसमोर माझ्याच हातानं पाजायला लावला. तिसऱ्या दिवशी ती शांत झोपली. नळी टळली.

आज रूपा पहिलीत आहे, औषध केव्हाच बंद झालं. माझा स्वभाव मात्र तोच. मेडिकलमध्ये बाटलीवरची तारीख मी अजून दोनदा वाचते.

आई, वैनी, दर दिवाळीनंतर गावच्या मंडईच्या जत्रेला तुम्ही विचारता, परत काऊन येत नाई? मी नवऱ्याचं काम, पोरीची शाळा पुढे करते. खरं कारण आज लिहिते. घर म्हणजे जिथं सगळे आपल्या बाजूचे. तिथं असते तर तुम्ही सगळ्यांनी माझीच बाजू घेतली असती, आणि रूपा गेली असती.