तलवार, तलाव आणि सासऱ्यांची फळी

माझं साम्राज्य तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद होतं आणि ते माझ्या सासऱ्यांच्या मालकीचं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सिंदेवाहीला शाळेत इतिहास शिकवत होतो. म्हणजे मी शिकवायचो, मुलं पेंगायची आणि दोन्ही बाजूंची एकमेकांबद्दल काही तक्रार नव्हती. एक दिवस चंद्रपूरला शैक्षणिक साधनांचं प्रदर्शन भरणार असल्याचं पत्र आलं आणि माझ्या अंगात आलं. मी हेडमास्तरांना सांगून टाकलं की मी इतिहासाचा खेळ बनवतो. पटावर राज्य उभारायचं, गावं वसवायची, किल्ले बांधायचे, लढाया करायच्या! आमचे हेडमास्तर सावध गृहस्थ. ते म्हणाले, "बनवा. पण घरी वेगवेगळ्या डावपेचांनी खेळून पाहा. दरवेळी एकाच वाटेनं जिंकता येत असेल तर तो खेळ नाही गुरुजी, तो धडा झाला." सोमवारी सकाळी खेळ घेऊन शाळेत यायचं आणि तिथूनच चंद्रपूरची एस.टी. धरायची, असं ठरलं.

आता पट कशाचा करायचा? पुठ्ठा वाकडा होत होता. तेवढ्यात माझी नजर पलंगाखाली पोत्यात गुंडाळून ठेवलेल्या फळीवर गेली. सागवानाची, एकसंध, बिनगाठीची फळी! ही माझ्या सासऱ्यांनी धानोऱ्याहून पाठवली होती. ते सुतार. माझी बायको वनिता तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. तिची आई लहानपणीच गेलेली, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच व्हायचं होतं. सासऱ्यांनी एकच मागणं मागितलं होतं, की नातवंडाचा पाळणा ते स्वतःच्या हातानं करतील. मंगळवारी ते त्यासाठी येणार होते. फळी त्या पाळण्याचा तळ होती.

वनिता मोठ्या मनाची. तिनं परवानगी दिली, पण एका अटीवर. पट खडूनं काढायचा आणि बाबा यायच्या आत पुसून फळी होती तशी पोत्यात ठेवायची. मी खडूनंच काढला हो! पण घरात माझ्या आईचा पदर फिरला की एकेक सुभा नाहीसा व्हायचा. शेवटी वनिता बाजारात गेली असताना मी दाराखिडक्यांचा उरलेला ऑइलपेंट काढला. हिरवं जंगल, निळी वैनगंगा, तांबडे रस्ते, मधोमध पिवळी राजधानी. वनितानं विचारलं तेव्हा सांगितलं, की हा नवीन प्रकारचा रंगीत खडू आहे, ओल्या फडक्यानं पुसला जातो. (इतिहासात राजे याहून मोठं खोटं बोललेले आहेत.) प्रदर्शन आटोपलं की मंगळवारपर्यंत पॉलिशपेपरनं रंग घासून काढू, असा माझा हिशेब होता.

खेळ सोपा होता. लाखोळी या आमच्याकडच्या कडधान्याचे दाणे म्हणजे प्रजा, चिंचोके म्हणजे सैनिक, रिकाम्या काडेपेट्या म्हणजे किल्ले आणि आईच्या डब्यातली निळी बटणं म्हणजे तलाव. कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकं धन मिळायचं. बारा फेऱ्या म्हणजे बारा वर्षं. शेवटी ज्याची प्रजा जास्त तो चक्रवर्ती. सगळ्या कवड्या पालथ्या पडल्या की दुष्काळ. तलाव मी खरं म्हणजे शोभेसाठी ठेवले होते. आमच्या भागात पावलागणिक तलाव आहेत, पटावर एखादा नसला तर बरं दिसणार नाही, म्हणून.

पहिली चाचणी शनिवारी झाली. वनितानं व्यापारानं खेळायचं, आईनं तलवारीनं आणि मी पंच. आईला थोडं कमी ऐकू यायचं. मी ओरडून सांगितलं, "आई, तू तलवारीनं खेळ." तिनं मान डोलावली आणि पहिल्याच फेरीत एक निळं बटण मांडलं. दुसऱ्या फेरीत आणखी एक. मी म्हटलं, अगं सैनिक घे. ती म्हणाली, "तूच तं म्हनला ना, तलावानं खेळ. मंग खेळून राह्यलो."

मी म्हटलं खेळू दे, म्हातारीची हौस. बाराव्या वर्षी वनिताची प्रजा एकवीस होती. आईच्या प्रजेला घरातली लाखोळी पुरेना! एका तलावामागे वर्षाला पाच माणसं वाढतात असा नियम मीच केला होता, त्याला वरची मर्यादा ठेवायला विसरलो होतो. आई शेजारणीकडून वाटीभर प्रजा उसनी मागून आली. सगळी मोजून झाल्यावर तिनं ती भिजत घातली आणि रविवारी सकाळी आम्ही तिच्या साम्राज्याच्या घुगऱ्या खाल्ल्या.

मी रात्रभरात नियम बदलले. तलाव तिप्पट महाग केला. रविवारी सकाळी आईनं नऊऐवजी तीनच तलाव बांधले आणि पुन्हा जिंकली. मी गाळाचा नियम घातला, दर तीन वर्षांनी तलाव गाळानं भरतो आणि निकामी होतो. आईनं विचारलं, गाळ काढता येते का? नियमात 'येत नाही' असं लिहिलेलं नव्हतं. मग दुष्काळ पडला तेव्हा तिनं अर्धी प्रजा गाळ काढायला लावली. "कामही झालं, पोटालेही भेटलं," ती म्हणाली. आईचे वडील गावच्या तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, कधी सोडायचं ते ठरवणारे माणूस होते, हे मला त्या वेळी आठवायला हवं होतं. मला आपण बी.ए. इतिहास आहोत एवढंच आठवत होतं.

हेडमास्तरांचं वाक्य माझ्या कानात घुमत होतं. तलवार एकदा तरी जिंकायला हवी होती, नाहीतर उद्या चंद्रपूरला नेणार काय? दुपारी मी स्वतः तलवार हातात घेतली. सहाव्या वर्षापर्यंत माझे चाळीस सैनिक आईच्या राजधानीच्या वेशीवर उभे होते. तेवढ्यात कवड्या पालथ्या पडल्या. दुष्काळ! सैन्याला दाणा नाही. आणि वास्तवाचा आभास व्हावा म्हणून मी मोठ्या अभिमानानं एक नियम लिहिला होता: उपाशी सैनिक ज्याच्याकडे अन्न असेल त्याच्याकडे जातो. आईनं चाळीसही चिंचोके पदरात ओढून घेतले आणि त्यांना शेतीला लावलं. वनिता पोट धरून हसत होती.

त्याच क्षणी दारात आवाज आला, "वनिता, हाय का घरी?"

सासरे! मंगळवारच्या गाडीचा भरवसा नाही म्हणून दोन दिवस आधीच आले होते. वनितानं माझ्याकडे पाहिलं, ओलं फडकं उचललं आणि साम्राज्यावर फिरवलं. जंगल हललं नाही. तिनं जोर लावला. वैनगंगा आणखी चकचकीत झाली.

"पुसून काऊन नाई राह्यलं हे?" तिनं हळूच विचारलं.

मी ऑइलपेंटच्या डब्याकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. तिचे डोळे भरून आले. मला तेव्हा जी लाज वाटली ती अजून आठवते. पण लाज वाटून घ्यायला वेळ कुठं होता? मामाजींनी वहाणा काढल्याचा आवाज आला. (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात.) आईनं मागचापुढचा विचार न करता लुगडं सावरलं आणि किल्ले, चिंचोके, प्रजा यांच्यासकट साम्राज्यावर बसली.

मामाजी आत आले. उंच, अबोल माणूस, कानाला पेन्सिल, खांद्याला हत्यारांची पिशवी. आई उठेना. व्याही दारातून आले आणि विहीण बसून राहिली, असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. गुडघा धरला, असं आईनं सांगितलं. मामाजींनी तब्येतीची चौकशी केली, चहा घेतला, मग विचारलं, फळी कुठं ठेवली? आम्ही तिघांनी तीन दिशांना बोटं दाखवली. मी तर माळ्याकडे दाखवलं आणि आमच्या घराला माळा नव्हता.

मामाजींची नजर हळूहळू खाली आली. आईच्या लुगड्याखालून सागवानाचा चार बोटं काठ बाहेर आला होता.

"विहीनबाई," ते शांतपणे म्हणाले, "लेकराच्या आंधी तुम्हीच बसल्या का पाळण्यात?"

आईचा गुडघा ताबडतोब बरा झाला. ती उठली. दोन काडेपेट्या चपट्या झाल्या होत्या. मामाजी उकिडवे बसले, बोटाच्या पेरानं फळी वाजवून पाहिली, रंगावर नख ओढलं. मी शिक्षक असल्यामुळे गप्प राहण्याची सवय नाही. मी घाबरून अख्खा खेळ समजावून सांगू लागलो. तलवार, तलाव, कवड्या, दुष्काळ, चंद्रपूरचं प्रदर्शन, सगळं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"याच्यात सुतार कुठी हाय?"

मी म्हटलं, सुतार नाही ठेवला.

"मंग किल्ल्याचे दरवाजे कोनं केले?"

माझ्या साम्राज्यातल्या एकाही किल्ल्याला दरवाजा नव्हता, हे त्या दिवशी उघडकीला आलं.

मामाजींनी वनिताकडे पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. मग त्यांनी कवड्या माझ्यापुढे सरकवल्या. "एक डाव, जवाईबापू. तुम्ही तलवारीनं, मी तलावानं. जितले तं फळी उद्या चंद्रपूरले न्या, मी एक शब्द बोलनार नाई. हरले तं फळी माही, अन् उद्यापासून मी सांगन ते काम करा."

मी आयुष्यात इतक्या काळजीनं काही खेळलो नाही. आणि काय सांगू, कवड्या माझ्या बाजूनं पडू लागल्या! तिसऱ्या वर्षी मी मामाजींचं एक गाव घेतलं, पाचव्या वर्षी दोन. ते निवांत एकेक बटण मांडत होते आणि ते सरळ रेषेत आहे की नाही, हे एक डोळा मिटून बघत होते. अकराव्या वर्षी माझी प्रजा त्यांच्यापेक्षा जास्त होती आणि बावन्न सैनिक वर! आता शेवटची फेरी. दुष्काळ तेवढा पडायला नको होता. मी मनातल्या मनात चंद्रपूरच्या गाडीत खिडकीजवळ बसलोसुद्धा. मग कवड्या टाकल्या.

सगळ्या पालथ्या.

मी म्हटलं, एक कवडी जरा तिरकी पडली आहे, पुन्हा टाकायला हवं. तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसलेली वनिता वळली. तिनं माझी नियमांची वही उचलली आणि वर्गात धडा वाचावा तसं स्वच्छ आवाजात वाचलं, "उपाशी सैनिक ज्याच्याकडे अन्न असेल त्याच्याकडे जातो." वाचून झाल्यावर ती हसली. फडकं फिरवल्यापासूनचं ते पहिलंच हसू होतं, म्हणून मी तिरक्या कवडीचा मुद्दा सोडून दिला.

एक्कावन्न चिंचोके पलीकडे जाऊन मामाजींची प्रजा झाले. एक सापडेना. तो पटाला खेटून बसलेल्या आईच्या निऱ्यांत अडकला होता. तिनं तो काढला, माझ्यापुढे ठेवला, क्षणभर विचार केला आणि मामाजींच्या तलावाशी नेऊन ठेवला. "याले तहान लागली म्हनते," ती म्हणाली.

सोमवारी मी हात हलवत शाळेत गेलो. हेडमास्तरांनी विचारलं, साधन कुठं आहे? मी सांगितलं, साधन तयार आहे सर, पण त्याचा पाळणा होतो आहे. सगळी हकीगत ऐकून ते म्हणाले, "म्हणजे धडाच झाला." मी दोन दिवसांची रजा टाकली आणि घरी जाऊन मामाजींनी सांगितलं ते काम केलं. ते काम म्हणजे फळ्यांची टोकं धरून उभं राहणं. तेही मी वाकडं करतो, असं त्यांचं मत पडलं.

मी वाट बघत होतो की आता रंध्यानं माझं साम्राज्य तासलं जाईल. पण त्यांनी रंगीत बाजूला रंधा लावलाच नाही. तीच बाजू वर ठेवून तळ बसवून टाकला. मी भीतभीत विचारलं. ते म्हणाले, "काऊन काढू? रंग चांगला लावला तुम्ही. ओल नाई धरनार." इतकी वर्षं झाली, पण माझ्या सासऱ्यांनी माझ्या कुठल्याही कामाची केलेली ती एकमेव स्तुती आहे.

मुलगी झाली. बारशाला हेडमास्तर आले, धानोऱ्याहून मामाजी आले. बाळाला पाळण्यात घातलं, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटून झाल्या. थोड्या वेळानं बाळ कुरकुरू लागलं म्हणून वनितानं तिला उचललं आणि मी ऐटीत गोधडी बाजूला केली. म्हटलं, हेडमास्तरांना निदान पट तरी दाखवावा. माझ्या राजधानीच्या बरोबर मधोमध एक गोल, चकचकीत, नवा तलाव झाला होता.

आईनं वाकून पाहिलं. मामाजींनी वाकून पाहिलं. "नात आमच्याकडून खेळून राह्यली," आई म्हणाली.

मी वाद घातला नाही. नियम माझेच होते. मी मुकाट्यानं फडकं घेतलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर गाळ काढायला बसलो.