सोळा हातांच्या खाली

मच्छिंद्र खिलारे सकाळी पावणेसहाला कतारमध्ये, दोह्याच्या बिन महमूद भागातून व्हॅन काढतो. तीन शिक्षिका तिथून घ्यायच्या, दोन अल रय्यानमधून, आणि उत्तरेला अल दुहैलच्या शाळेत सोडायच्या. बारा वर्षं हाच रस्ता. वय सत्तेचाळीस. गाव जामखेडच्या पलीकडे, शिक्षण दहावी नापास. बायको आणि मुलगा हर्षल गावी, आई तानूबाई त्यांच्याजवळ. दोन वर्षांतून एकदा सुट्टी. कुणी विचारलं तर स्वतःबद्दल तो एवढंच सांगतो. एक धाकटा भाऊ होता, हे सांगत नाही.

त्या वर्षी शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन होतं. भौतिकशास्त्राच्या भैरवी मॅडमनी विषय घेतला होता, चारशे वर्षांपूर्वीच्या युरोपातले शास्त्रज्ञ. मॅडम नाशिकच्या. अल रय्यानच्या सिग्नलला व्हॅन अडकली की त्या मागच्या सीटवरून मच्छिंद्रला मराठीत गोष्ट सांगत. तुम्हाला समजली तर मुलांना समजेल, असं म्हणत. त्यावर मच्छिंद्र म्हणायचा, म्हणजे शाळेतला सगळ्यात ढ विद्यार्थी मी. बाकीच्या शिक्षिका झोपलेल्या असत.

अशा तऱ्हेने दोन महिन्यांत त्याने बरंच ऐकलं. गॅलिलिओ नावाच्या माणसाने दुर्बीण आकाशाकडे वळवली आणि त्याला चंद्रावर डोंगर दिसले. हार्वे नावाच्या डॉक्टरने रक्त किती वाहतं याचा हिशेब मांडला आणि म्हणाला, एवढं रक्त रोज नव्याने तयार होणं शक्य नाही, ते फिरून परत येत असलं पाहिजे. देकार्तने ठरवलं की ज्या ज्या गोष्टीवर शंका घेता येते ती एकदा बाजूला ठेवून बघायची, मग शेवटी काय उरतं ते पाहायचं. मच्छिंद्रने विचारलं होतं, मग काय उरलं? मॅडम म्हणाल्या, शंका घेणारा. मच्छिंद्र हसला होता. एवढं सगळं फेकून शेवटी एकटाच माणूस. ही तर आमची इथली रूमच झाली, घरदार सगळं तिकडे, म्हणाला.

एका गुरुवारी पंपाची गोष्ट निघाली.

गॅलिलिओच्या काळात विहिरीवर पंप बसवणारे कारागीर होते. पंप मोडलाय का, असं त्यांना विचारलं तर ते म्हणत, पंप ठीक आहे, पण पाणी अठरा हातांच्या वर येत नाही. कितीही चांगला पंप आणा, येतच नाही. मोठ्या पंडितांना हे मान्य नव्हतं. दोन हजार वर्षं सगळे म्हणत आले होते, निसर्गाला पोकळी चालत नाही, पंप पोकळी करतो आणि पाणी ती भरायला धावत वर येतं. मग अठरा हातांनंतर निसर्गाला पोकळी कशी काय चालायला लागते?

मच्छिंद्रने आरशात बघितलं. "किती हात म्हणालात?"

मॅडमनी पुन्हा सांगितलं. त्यांचा हात आपल्या हातापेक्षा थोडा लांब होता, असंही सांगितलं. सिग्नल सुटला होता. मागून हॉर्न वाजले तेव्हा त्याने गाडी पुढे घेतली. 

त्याच्या भावाचा आकडा सोळा होता.

ती गोष्ट दोन हजार तीन सालची. दुसऱ्या वर्षीही पाऊस नव्हता. विहिरीच्या काठावर डिझेल इंजिन आणि त्याला जोडलेला पंप, दोन्ही नवे. मच्छिंद्र पंचवीस वर्षांचा, धाकटा किसन बावीसचा. किसनची बायको बबीता वीसची, मुलगी मोनाली आठ महिन्यांची. एप्रिलमध्ये पंप पाणी टाकेनासा झाला. मच्छिंद्रचं म्हणणं, सुरू करण्याआधी पाईप पाण्याने नीट भरला पाहिजे, आणि किसन तो नीट भरत नाही. पंपावरच्या पत्र्यावर पन्नास फूट लिहिलेलं होतं. दुकानदारानेही तेच सांगितलं होतं, पन्नास फुटांवरून ओढतो.

किसनने काय केलं होतं, तर सुतळीला हाता-हातावर गाठी मारल्या होत्या. गेली तीन वर्षं तो पंपापासून पाण्यापर्यंत सुतळी सोडून मोजत होता. म्हणाला, दादा, सोळा हातांच्या खाली पाणी गेलं की हा बंद पडतो. दर वर्षी. जुना पंपही तिथंच बंद पडायचा. आपण हे धूड खाली टप्प्यावर नेऊ. विहिरीत अर्ध्यावर खडकाचा रुंद टप्पा होता.

मच्छिंद्र चारचौघांत त्याला हसला. कंपनीवाल्यापेक्षा तुझी सुतळी शहाणी का, म्हणाला. पाईप भरता येत नाही ते कबूल कर.

दुसऱ्या दिवशी सकाळी किसनने दोन गडी घेऊन, दोराने, इंजिन आणि पंप टप्प्यावर उतरवले. गडी वर आले, तो खाली राहिला. इंजिन सुरू झालं. पाटात पाणी आलं. जाड, पांढरं पाणी. मच्छिंद्र पाटाशी उभा होता. भाऊ वर येऊन हसेल म्हणून तो विहिरीकडे गेला नाही. अर्ध्या तासाने गेला, तेव्हा इंजिन चालूच होतं, विहीर धुराने भरली होती आणि किसन टप्प्यावर कुशीवर पडला होता.

पोलिसांना मच्छिंद्रने जबाब दिला. भाऊ हट्टाने उतरला. पाईप नीट भरत नव्हता, म्हणून पंप वर चालत नव्हता. त्या दिवशी पाईप नीट भरला, म्हणून चालला. वरच नीट भरला असता तर उतरावं लागलं नसतं. त्याने हे मनापासून सांगितलं. घरात तेच ठरलं, गावात तेच ठरलं. बबीतासमोर तानूबाई म्हणायची, माझं पोरगं स्वतःच्या हट्टानं गेलं. वर्षभराने बबीता मोनालीला घेऊन माहेरी गेली, तिथे अंगणवाडीत मदतनीस झाली, आणि परत आली नाही.

त्या गुरुवारनंतरच्या शनिवारी शाळेला सुट्टी होती, प्रदर्शनाची तयारी चालली होती. प्रयोगशाळेचा मदतनीस पॅट्रिक, वसईचा, याने जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेतून तिसऱ्या मजल्यापासून जाड पारदर्शक नळी सोडली. खालचं टोक बादलीत. पाणी दिसावं म्हणून त्याने त्यात व्हिम्टो नावाचं लाल सरबत ओतलं. वरच्या टोकाला एसीवाल्यांचा व्हॅक्यूम पंप जोडला, जो नळीतली हवा काढून घेतो. मच्छिंद्र सामान उचलायला म्हणून आला होता.

पंप सुरू झाला. लाल पाणी नळीतून चढू लागलं. पहिला मजला. दुसरा मजला. मच्छिंद्र जिन्याने त्याच्याबरोबर चढत होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये पाणी मंदावलं, आणि थांबलं. पंप घरघरत होता. पाणी हलत नव्हतं. मॅडमनी मोजायची टेप लावली. दहा मीटरला थोडंसं कमी.

"दुसरा पंप आण," मच्छिंद्र पॅट्रिकला म्हणाला.

"अरे, हाच नवा आहे."

"मोठा आण. एसीवाल्यांकडे आहे."

पॅट्रिक मॅडमकडे बघून म्हणाला, यल्ला, चला, आज ह्याचंच प्रदर्शन. पण गेला आणि मोठा पंप घेऊन आला. तो जोडला. पाणी होतं तिथेच उभं राहिलं. मच्छिंद्रने सांधे हाताने चाचपले, त्यांवर चिकटपट्टी गुंडाळली, पुन्हा चालू करायला लावला. दहा मिनिटं. पंधरा मिनिटं.

"मच्छिंद्रभाऊ," मॅडम म्हणाल्या, "जगातला कुठलाही पंप लावा. पंप पाणी ओढतच नाही. तो फक्त वरची हवा काढून घेतो. पाण्याला खालून ढकलते ती बाहेरची हवा, तिच्या वजनाने. आणि तिचं वजन एवढंच आहे."

त्या पुढे सांगत राहिल्या. गॅलिलिओलाही हे कळलं नव्हतं, त्याला वाटलं पाण्याचा दोर स्वतःच्या भाराने तुटतो. त्याच्यानंतर तोरिचेल्लीने पारा घेऊन पाहिलं आणि म्हणाला, आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. पास्कालने आपल्या मेहुण्याला पाऱ्याची नळी घेऊन डोंगरावर पाठवलं, वर हवा कमी, म्हणून पारा खाली उतरला. मच्छिंद्रला शब्द ऐकू येत होते. त्याने विचारलं, गावाकडच्या पंपाचं सोळा हातांवर अडलं तर?

मॅडमनी मनात हिशेब केला. सव्वासात मीटर. अगदी बरोबर, म्हणाल्या. साधे पंप, सांध्यांतून थोडी हवा शिरतेच, सात-साडेसात मीटरलाच थांबतात. पंपाच्या पत्र्यावर लिहितात तो आकडा पाणी वर किती ढकलतो त्याचा, खालून किती येतं त्याचा नाही. पंप पाण्याजवळ नेला की चालतो. "कुणी मोजलं होतं?"

मच्छिंद्र जिन्याच्या पायरीवर बसला.  पॅट्रिकने त्याला पाणी दिलं, ते त्याने हातात धरून ठेवलं. पाईप भरला होता. त्या वर्षी रोज भरला होता. तीन वर्षं एक बावीस वर्षांचा पोरगा गाठी मोजत होता आणि मच्छिंद्रने फक्त एक पत्रा वाचला होता. आणि जे पाणी पाटात आलं, ती भाऊ बरोबर असल्याची खूण होती. ते पाणी त्याच्या पायावरून वाहून गेलं होतं आणि तो तिथे अर्धा तास उभा राहिला होता.

साडेअकराला त्याने शाळेच्या फाटकाबाहेरून बबीताला फोन लावला. गावी दोन वाजले होते. पाच वर्षांत दोघं बोलले नव्हते. त्याने सगळं सांगितलं, पाण्याचा रंगसुद्धा. 

"भाऊजी," शेवटी ती म्हणाली, "मला कशाला सांगता? मी त्यांना कधी चूक म्हटलं नव्हतं."

तो फाटकापासून बाजूला सरकला.

"आत्याबाईंना सांगा. त्या मोनालीला म्हणाल्या होत्या, तुझा बाप येडा होता. पोर नऊ वर्षांची होती." आणि तिने फोन ठेवला.

मग त्याने आईला फोन लावला. तानूबाईने आधी जेवलास का विचारलं. मग उन्हाचं विचारलं. त्याने सांगायला सुरुवात केली आणि हवेच्या वजनापाशी अडखळला, हे म्हातारीला कसं समजवावं. ते सोडून तो म्हणाला, आई, किसनचं बरोबर होतं. पाईप भरलेला होता. पंप वर ठेवून पाणी आलंच नसतं, कुणीही भरलं असतं तरी. मी चुकलो.

पलीकडे तानूबाईने पंखा बंद केला.

"मंग पोलिसाला तसं का सांगितलंस?"

"मला तसंच वाटलं होतं, आई."

"वाटलं व्हतं," ती म्हणाली. "त्यानं मोजलं व्हतं. मला दावली व्हती सुतळी. म्या म्हनलं, दादा सांगतो तसं कर."

 ती रडत नव्हती. मग म्हणाली, हे फोनवर मिटायचं न्हाई. ये. तू ये, मग दोघं जाऊ बबीताच्या दारात. मोनाली घरी असंल तवा. तुज्या एकट्याचं न्हाई ते.

तातडीच्या रजेचा अर्ज इंग्रजीत असतो. मच्छिंद्रने तो पॅट्रिकसमोर ठेवला. नाव, पासपोर्ट नंबर, दिवस, पॅट्रिक भरत गेला. कारणाच्या रकान्यापाशी त्याने वर बघितलं.

"घरी मयत," मच्छिंद्र म्हणाला.

पॅट्रिकने छातीवर क्रूस केला. कोण, विचारलं.

"भाऊ."

"अरे देवा. कधी?"

मच्छिंद्रला खोटं सांगता आलं असतं. ऑफिसात तारीख कुणी तपासत नाही.

"दोन हजार तीन साली," तो म्हणाला. "तेवीस एप्रिल. तसंच लिही."