दुकानातलं एकच स्टूल

मंडळी, आज सकाळी सेल्वी इथे चेन्नईत, वेलचेरीला माझ्या घरी आली. टी. नगरच्या साड्यांच्या दुकानात आम्ही सहा वर्षं एका काउंटरवर होतो. मी गेल्या वर्षी काम सोडलं, ती अजून तिथेच आहे.

तिने कामगार कार्यालयासाठी लिहिलेला तमिळ अर्ज माझ्यापुढे ठेवला. विक्रीच्या बायकांना दिवसभर बसू देत नाहीत, भिंतीला टेकलं तरी गिऱ्हाइकांसमोर ओरडतात, अशी तक्रार.

"अक्का, साक्षीदार म्हणून सही करा."

"अगं, हे गेले तेव्हा त्याच मालकांनी मला बोलावून काम दिलं. वर बसायला स्टूल दिलं."

"तुम्हाला दिलं," ती हसत म्हणाली. "आमचे पाय काय लाकडाचे होते?"

त्या स्टुलावर बसूनच मी तमिळ वाचायला शिकले. दुपारी गर्दी नसली की सेल्वी साड्यांच्या खोक्यांवरचं एकेक अक्षर मला दाखवायची. उभ्यानेच. सहा वर्षांत मी तिला एकदाही 'बस जरा' म्हटलं नाही. स्टूल जाईल अशी भीती वाटायची.

आज तो अर्ज मी तिनेच शिकवलेल्या अक्षरांनी वाचला. साक्षीदाराने काय पाहिलं, ते लिहायला खाली जागा होती. मी लिहिलं, 'मला स्टूल होतं. बाकी अकरा जणी उभ्या होत्या.' आणि सही केली.

असं काही असलं की मी यांना विचारायचे. आता तुम्हाला विचारते. मालकांचे उपकार मी विसरले का?