इंजिन थोरल्याला, सांगाडा धाकट्याला

सकाळी उठल्यावर मनाली आधी दारामागचा कोपरा बघायची. तिथं काठी नसली की समजायचं, आबा निघाले. मग चहा तसाच टाकून स्कूटी काढायची आणि अख्खं सोलापूर पालथं घालायचं. एकदा आबा कुंभारीच्या पेट्रोल पंपावर सापडले, एकदा होटगी रोडला रसवंतीच्या बाकावर, आणि एकदा तर अक्कलकोटच्या जीपमध्ये बसून जीपवाल्याशी भांडताना. सगळीकडं त्यांचा प्रश्न एकच. "हितनं आमच्या दोन गाड्या गेल्या का हो? बुटक्या, बागंतल्या?"

लोक हसायचे. मनालीला मात्र रडू फुटायचं, आणि रडू आलं की ती चिडायची. तशी तिलाही एका जागी बसवत नव्हतंच. दुचाकीच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये ती काउंटरवर कामाला होती, पण काउंटरपेक्षा जास्त वेळ ती आत मेकॅनिकांच्या डोक्यावर उभी असायची. जेवतानाही तिचा गुडघा हलत असायचा. आई म्हणायची, ही आज्ज्यावर गेलीय, दोघांच्याही पायाला भिंगरी. मनालीची भिंगरी घरानं कशीबशी चालवून घेतली होती. आबांची आता झेपत नव्हती. तिचे वडील धम्मदीप महापालिकेत पाण्याच्या खात्यात होते आणि त्यांच्या निम्म्या रजा बापाला शोधण्यात संपल्या होत्या.

"बास झालं," एका दुपारी आबांना घरी आणून बसवल्यावर ते म्हणाले. "खोलीला भायेरनं कडी लावतो. उद्या ट्रकखाली आले तर शुक्रवार पेठेत तोंड काय दाखवू मी?"

"भायेरनं कडी? आबा काय शेरडू हायेत का, पप्पा?" मनाली भडकली. "गाड्याच शोधतायत ना ते? मग गाडी आणते मी. दारात गाडी दिसली की बसतील घरात."

"आण की. बुद्ध पौर्णिमेपर्यंत थांबतो. त्याच्याम्होरं माझं ऐकायचं."

या गाड्यांची गोष्ट अशी. आबांच्या, म्हणजे सिद्रामच्या नावावर वीतभरही जमीन कधी नव्हती. दक्षिण सोलापुरातल्या द्राक्षबागांमध्ये ते मजुरी करायचे. एका बागायतदारानं वेलींच्या दोन ओळींमधून जाईल असा बुटका ट्रॅक्टर आणला, पण हँडल मारून तो सुरू करायची कला एकट्या सिद्रामलाच साधली. मालकाला पुढं मोठा ट्रॅक्टर हवा झाला तेव्हा हा बुटका सिद्रामनं घेतला. काही वर्षांनी त्याच्याहून लहान असा दुसरा घेतला. एकीचं नाव थोरली, दुसरीचं धाकटी. मग काय, ज्या माणसाला आयुष्यभर बांधाबाहेर उभं राहून काम मागावं लागलं होतं, त्याच्यासाठी आता मालक स्वतः येऊन फाटक उघडायला लागले. बागेत रोटर मारून माती मोकळी करायची, फवारणी करायची, तर सिद्रामला बोलवा. बेंदराला गावानं बैल सजवले की हा गप्प बसायचा, आणि चौदा एप्रिलला दोन्ही गाड्या धुऊन त्यांना निळा रंग द्यायचा, हार घालायचा आणि मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं काढायचा.

गुडघे गेले तेव्हा त्यांनी वाटणी केली. पोरगे दोन, गाड्या दोन. एवढं सोपं गणित, पण आबांनी असं काही केलं की चार माणसांनी डोक्याला हात लावला. दोन्ही इंजिनं थोरल्या कल्लप्पाला, दोन्ही सांगाडे धाकट्या धम्मदीपला. का, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही. म्हातारा चळला, एवढंच सगळे म्हणाले. कल्लप्पा रेल्वेत होता, होटगीला राहायचा. तो म्हणायचा, धाकट्यानं येऊन विचारायचं असतं. धम्मदीप म्हणायचा, थोरल्यानं हाक मारायची असते. दोघंही मानाचे. वाट बघता बघता बोलणं तुटलं, आणि पुढं पुढं तर लग्नाच्या पत्रिकाही तिसऱ्याच्या हातानं जायला लागल्या.

आता तुटक्या गोष्टी गोळा करणं मनालीच्या वाट्याला आलं.

वडिलांच्या सांगाड्यांचं काय झालं हे विचारल्यावर ते आधी खेकसले. मग खाली मान घालून म्हणाले, धाकटीचा भंगारात गेला, घराचा स्लॅब टाकायचा होता तेव्हा. थोरलीचा गुरप्पाकडं असंल, वळसंगच्या रोपवाटिकेत. मनाली त्याच दिवशी वळसंगला पोचली. गुरप्पानं थोरलीला शेडनेटखाली उभं केलं होतं आणि बॉनेटच्या रिकाम्या जागेत, मडगार्डांवर, सीटवर मोगऱ्याच्या कुंड्या मांडल्या होत्या. वरून कुणीतरी हिरवा ऑइलपेंट मारला होता. मनालीनं स्कूटीच्या किल्लीनं खरवडलं. हिरव्याखाली निळा निघाला. ती तिथंच मटकन खाली बसली, आणि दुसऱ्या मिनिटाला उठून कुंड्या उतरवायला लागली.

"अगं, इचार तरी की!" गुरप्पा ओरडला.

"इचारतेय की काका. नेऊ का?"

तो हसायला लागला. म्हणाला, सिद्रामनं माझ्या बापाची बाग राखली, त्याच्या नातीला मी न्हाय कसं म्हणू? पण इंजिन हितंच आणून बसव, असली मोडकी वस्तू रस्त्यानं वडत नेऊ नको.

होटगीला जाताना मात्र तिनं स्कूटी हळू चालवली. मोठे पप्पा, म्हणजे कल्लप्पा, अंगणात पेपर वाचत होते. तिनं पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी पेपर खाली केला नाही.

"तुझ्या बापानं पाठवलं?"

"न्हाई. मीच आले. आबांना खोलीत कोंडायला निघालेत, मोठे पप्पा. गाडी मिळाली तर थांबतील ते."

पेपर हळूच खाली आला. पण माणूस मूळचा हट्टी. "सांगाडा दिला असता तवाच, तर मी लगेच इंजिन बसवून दिलं असतं. एकदा येऊन इचारलं असतं तर झिजला असता का?"

"पप्पा पण हेच म्हणतात. तुमी एकदा हाक मारली असती तर तुमी झिजला असता का?"

त्यांची बायको, मोठी आई, स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून हसली. कल्लप्पांनी तिच्याकडं रागानं बघितलं, मग नुसतंच म्हणाले, "थोरलीचं तर बर्स्ट झालं, मोडीत घातलं. धाकटीचं मंद्रूपला हाय. शिवपुत्रच्या कडबा कुट्टीला. पण मी सांगितलं म्हणून सांगू नको."

शिवपुत्रच्या गोठ्यात ते इंजिन धडधडत होतं, आणि त्या आवाजानं म्हशी दूध चोरायच्या, असं त्याची बायको सांगत होती. मनालीनं ऐकलं आणि वेळ दवडला नाही. तिच्या मामाची पिठाची गिरणी बंद पडून वर्ष झालं होतं, मोटर धूळ खात होती. ती आणून दिली, कुट्टीला जोडूनही दिली, आणि इंजिन टेम्पोत चढवलं. शिवपुत्रपेक्षा त्याची बायकोच जास्त खूश झाली. तिनं जाताना खवा बांधून दिला.

पण धाकटीचं इंजिन थोरलीच्या सांगाड्यावर बसेना. भोकं जुळेनात. तिच्या सर्व्हिस सेंटरमधला बसवराज सुट्टीच्या दिवशी वळसंगला यायचा, बघायचा, आणि मान हलवायचा. "मॅडम, या दोघींचं जन्मात जमायचं न्हाई." मनालीला ते वाक्य टोचायचं. ती रोज कामावरून परस्पर वळसंगला जायची, हात काळे करून परत यायची, घरी येऊन आबा आहेत का बघायची, आणि मग अंथरुणात पाय हलवत पडायची. तिला भीती वाटत होती. पौर्णिमा जवळ येत होती आणि वडिलांनी कडी आणून ठेवली होती. शेवटी बसवराजनंच मधे जाड लोखंडी पट्टी टाकून नवी भोकं पाडली. इंजिन बसलं. जरा तिरकं, पण बसलं. हँडल मारलं, काळा धूर निघाला, आणि रोपवाटिकेतली माणसं टाळ्या वाजवत धावली.

पौर्णिमेच्या सकाळी टेम्पोनं गाडी शुक्रवार पेठेत उतरवली. अख्खा बोळ गोळा झाला. आबा काठी टेकत बाहेर आले. गाडीभोवती एक फेरी मारली. चाकावर हात फिरवला, इंजिनाला कान लावला. आता बसतील, आता थांबतील, एवढंच मनालीच्या मनात.

"चालू कर," आबा म्हणाले.

तिनं हँडल मारलं. आबा दोघांच्या आधारानं सीटवर चढले, काठी तिच्या हातात दिली आणि गिअर टाकला. कुणाला काही कळायच्या आत गाडी बोळातून बाहेर!

"आबा! आबा, थांबा की!" मनाली पळत जाऊन मडगार्डवर चढली. "कुटं चाललाय?"

"होटगीला."

मागं धम्मदीप घरातल्या कपड्यांवर स्कूटी काढत होते, शिव्या देत होते. पुढं रिक्षावाले हॉर्न मारत होते. आबांचे हात स्टेअरिंगवर जराही थरथरत नव्हते. होटगी रोडला लागल्यावर मनालीनं त्यांना थांबवायचा नाद सोडला. थांबवून करायचं काय? माणूस पुन्हा पायी निघाला असता.

कल्लप्पाच्या अंगणात आबांनी गाडी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. कल्लप्पा बनियनवरच बाहेर आले. तेवढ्यात मागून धम्मदीप पोचले आणि फाटकाबाहेरच स्कूटीवर पाय टेकून उभे राहिले.

"उतरा आबा, आत या," कल्लप्पा म्हणाले.

"त्याला बोलीव आधी."

कल्लप्पांनी फाटकाकडं पाठ केली.

"म्हातारा चळला म्हणता न्हवं?" आबांचा आवाज इंजिनावर चढला. "मला दोन गाड्या वाटता येत न्हवत्या व्हय रे? मुद्दाम मोडून दिल्या. म्हटलं, इंजिनवाला सांगाडेवाल्याकडं जाईल, सांगाडेवाला इंजिनवाल्याकडं. दर सुगीला एक व्हाल. एकबी गेला न्हाय. माझं चुकलं. म्हणून ज्याचं त्याच्याकडनं परत गोळा कराया निघत हुतो रोज, तर तुमी मला कोंडाया निघाला."

धम्मदीपनी मान फिरवली. ते रडत होते हे मनालीला दिसलं, आणि तिनं पहिल्यांदा वडिलांकडं रागानं बघितलं नाही. इंजिन धडधडतच होतं. मोठी आई दारात आली आणि नवऱ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "अवो, हाक मारा की."

कल्लप्पांनी दोनदा घसा खाकरला. "धम्या," ते म्हणाले. "उन्हात कशापायी उभा राहिलायस? ये आत."

धम्मदीप स्कूटी तिथंच आडवी टाकून आत आले. काय बोलावं ते दोघांनाही कळेना, म्हणून दोघं इंजिनापाशी जाऊन वाकले. कल्लप्पा म्हणाले, तिरकं बसवलंय. धम्मदीप म्हणाले, भोकं जुळत न्हवती अण्णा.

आबांनी इंजिन बंद केलं. दोन्ही पोरांच्या खांद्यांना धरून ते खाली उतरले आणि तिथंच पायरीवर बसले.

"दमलो बाबा," ते म्हणाले. "लई चाललो."