दारातलं घोंगडं

आमच्या घरची एक रीत आहे. लांबची वाट करून आलेला माणूस झोपला की दारात घोंगडं आडवं टाकायचं. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं हिंडणारी. घरी आलेल्याला भेटायला सगळी आळी धावायची, पण घोंगडं दिसलं की चपला न काढताच मागं फिरायची. आता मेंढरं गेली, डाळिंबाची बाग आली, मी विमान चालवायला लागलो. घोंगडं तेवढं राहिलं.

त्या आठवड्यात मी पार पिचलो होतो. पहाटेच्या फेऱ्या, मग रात्रीची, लगेच पुन्हा पहाटेची. मधली विश्रांती नियमात बसणारी, पण त्यातच हॉटेल गाठायचं, जेवायचं, अंघोळ करून परत निघायचं. झोपेला उरतं काय, कप्पाळ? शेवटच्या फेरीत उतरताना टॉवरवरून हाका येत होत्या आणि मला ऐकूच आल्या नाहीत. कॅप्टननं कोपर मारलं. त्यालाही जांभया आवरत नव्हत्या. दोघं हसलो खरे, पण उतरेपर्यंत मी स्वतःला चिमटे काढत राहिलो. कॅप्टन व्हायची माझी परीक्षा तोंडावर होती. अशा वेळी 'मी थकलोय' म्हणायची कुणाची छाती होते?

सुट्टी मिळाल्यावर शहाण्यानं झोपावं. मी कुठला शहाणा! गावानं सत्कार ठेवलेला, म्हणून पुण्याहून गाडीनं थेट आटपाडी गाठली. आईनं भाकरी वाढली आणि घास हातात धरूनच मी पेंगलो. तिनं घास काढून घेतला, माझे हात पुसले, मला आतल्या खोलीत ढकललं आणि दारात घोंगडं टाकून स्वतः उंबऱ्यावर शेंगा फोडत बसली.

पुढचं मला वहिनीनं सांगितलं. दुपारी सरपंच हलगी वाजवत न्यायला आले.

"आवं सरपंच, ती हलगी थांबवा आदी. त्यो झोपलाय."

"मावशी, मांडव घातलाय, माणसं जमल्यात!"

"मग मांडवात तुमी बसा. शाल काय उद्या बी घालता यील. पोराचा आज कुटं डोळा लागलाय."

सरपंचांनी घोंगड्याकडं बघितलं आणि हलगीवाल्याला घेऊन माघारी गेले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आमच्या ड्युट्या लावणाऱ्या ऑफिसातून होता. दुसऱ्या दिवशी एक पायलट कमी पडत होता आणि माझी विश्रांती कागदावर पुरी झालेली असणार होती. फोन आईनं उचलला.

"बाई, त्यो लय दमलाय. हातात घास धरून झोपला. अशा माणसाच्या हवाली मी मेंढरं केली न्हाईत कवा, अन् तुमी माणसं करताय व्हय?"

आणि ठेवून दिला!

उठल्यावर हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. "आई, माझ्या पोटावर पाय दिलास तू!"

"दिला," ती शेंगा पाखडत म्हणाली. "पोट कसं बी भरंल. विमान पडलं तर काय करशील रं?"

मी तणतणत फोन लावला. माफी मागायची आणि 'येतो' म्हणायचं, हे ठरवूनच. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "सर, आई म्हणाल्या तुम्ही दमलात. खरं असेल तर मी दुसरं कुणीतरी बघते."

'नाही, नाही' अगदी ओठांवर आलेलं. घोंगडं अजून दारातच होतं.

"खरंय," मी म्हणालो.

त्या खेपेला माझं कॅप्टनपद हुकलं. का, ते कुणी सांगितलं नाही. पुढच्या खेपेला मिळालं. त्या बाईंना मी अजून पाहिलेलं नाही, पण खोदून न विचारता माझा शब्द त्यांनी खरा मानला, हे उपकार मी विसरणार नाही. आईचे तर मी काय फेडणार!

परवा ती पहिल्यांदा माझ्या विमानात बसली. दारातच थांबली आणि सगळ्या स्टाफसमोर विचारलं, "झोप झाली का रं?"

"झाली, आई. चांगली झाली."

तिनं जवळ येऊन माझे डोळे निरखले, मगच जागेवर गेली.

उतरल्यावर, सगळे गेल्यावर, मी घाईनं मागं गेलो. वरून जग कसं दिसलं, ते मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. तिच्याजवळ उभ्या असलेल्या स्टाफमधल्या पोरीनं ओठांवर बोट ठेवलं. "सर, विमान उडायच्या आधीच झोपल्यात."

माझ्या झोपेसाठी उंबऱ्यावर जागी बसलेली आई, विमान माझ्या हातात आहे म्हणून गाढ झोपली होती. मी तिला लगेच उठवलं नाही.